घरातली केबल टीव्हीची जोडणी: स्प्लिटर आणि बूस्टरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केबलचे चित्र अडकू लागले की बहुतेक घरांत आधी सिग्नल वाढवणारा बूस्टर आणला जातो आणि वायर नंतर तपासली जाते. क्रम उलटा हवा. खालची उत्तरे डिजिटल केबलसाठी, म्हणजे सेट टॉप बॉक्सने चालणाऱ्या जोडणीसाठी आहेत. डिश अँटेना असलेल्या घरांनी प्रश्न १५ पाहावा.

१. एकाच केबलवर तीन टीव्ही चालवायचे आहेत. फक्त स्प्लिटर लावला की झाले का?

नाही. स्प्लिटर वायरीतला सिग्नल वाटतो, वाहिन्या उघडण्याचा हक्क वाटत नाही. प्रत्येक टीव्हीला स्वतःचा सेट टॉप बॉक्स आणि त्यातले चालू कार्ड लागते. काही बॉक्समध्ये कार्डाचे काम आतली चिपच करते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बॉक्सची नोंद केबलवाल्याकडे त्याच ग्राहक क्रमांकाखाली करून घ्या, कारण एकाच घरातल्या जादा जोडणीचा दर बहुधा वेगळा असतो. बॉक्स एकच ठेवून दोन टीव्हींवर दाखवायचे असेल तर प्रश्न १७ पाहा.

२. स्प्लिटरने सिग्नल किती कमी होतो?

दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक बाजूला निम्मी शक्ती जाते. निम्मी म्हणजे ३ डीबी (डेसिबल, सिग्नलची घट-वाढ मोजण्याचे माप) घट, आणि आतल्या गुंडाळीची घट धरून प्रत्यक्षात ३.५ ते ४ डीबी. चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये साधारण ७.५ डीबी आणि आठ तोंडांच्या स्प्लिटरमध्ये ११ डीबीच्या आसपास जातात.

तीन तोंडांचा स्प्लिटर दोन प्रकारांत मिळतो. एकात तिन्ही तोंडांवर सारखी, साधारण ६ डीबी घट असते. दुसऱ्यात एका तोंडावर ३.५ आणि उरलेल्या दोघांवर ७. प्रत्येक तोंडाशेजारी आकडा कोरलेला असतो, तो वाचा. दुसऱ्या प्रकारात ३.५ चे तोंड सर्वांत लांबच्या खोलीला द्यायचे. अनेकदा ते नेमके दिवाणखान्यातल्या जवळच्या टीव्हीला जाते आणि मागची बेडरूम उपाशी राहते.

टीव्ही तीन असतील तर पुढे लागेल म्हणून आठ तोंडांचा स्प्लिटर घेऊ नका. रिकाम्या तोंडांची घटही तुम्ही सोसत असता.

३. दुकानात ४० रुपयांपासून स्प्लिटर मिळतात. कोणता घ्यावा?

तीन गोष्टी पाहा. पहिली, त्यावरचा वारंवारतेचा आकडा ५ ते १००० मेगाहर्ट्झ असावा. केबलच्या वाहिन्या ८६० मेगाहर्ट्झपर्यंत जातात. जुन्या अ‍ॅनालॉग काळातले कितीतरी सुटे भाग ४५० किंवा ५५० पर्यंतच बनवलेले होते आणि ते अजून जिन्यातल्या खोक्यांत सापडतात. दुसरी, मागचे झाकण चहूबाजूंनी डाख दिलेले असावे. डिंकाने चिकटवलेले झाकण उघडते आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. तिसरी, आत येणारे आणि बाहेर जाणारे तोंड स्पष्ट लिहिलेले असावे. उलटा जोडलेला स्प्लिटर कधीकधी चालल्यासारखा दिसतो, पण एका तोंडातून दुसऱ्या तोंडात २० डीबी किंवा अधिक घट असते.

‘५ ते २४००’ लिहिलेला डिशचा स्प्लिटर केबलला लावण्याने काही फायदा होत नाही.

४. वायर कोणती? केबलवाला म्हणतो सगळ्या सारख्याच.

सारख्या नाहीत. घरात आरजी-६ वापरा. वरच्या वारंवारतेला १०० मीटरमागे आरजी-६ मध्ये साधारण २० डीबी जातात, जुन्या बारीक आरजी-५९ मध्ये २४-२५, आणि इमारतीच्या मुख्य ओळीसाठी वापरल्या जाणाऱ्या जाड आरजी-११ मध्ये १३. वीस मीटरच्या घरगुती ओळीत आरजी-६ आणि आरजी-५९ मधला फरक फक्त एका डीबीचा दिसतो. खरा फरक जाळीत आहे. स्वस्त वायरीत अ‍ॅल्युमिनियमची पन्नी पातळ आणि जाळीचे धागे मोजके असतात. अशा वायरीत बाहेरच्या लहरी शिरतात (प्रश्न १२). विकत घेताना टोक सोलून पाहा. जाळीतून पन्नी मोकळीढाकळी दिसत असेल तर ती वायर परत करा.

वायरीवर ७५ ओहम लिहिलेले असते. सीसीटीव्हीची उरलेली वायरही ७५ ओहमचीच असू शकते, पण तीत बऱ्याचदा पन्नी नसते आणि फक्त विरळ जाळी असते. केबलसाठी ती टाळा.

५. एफ कनेक्टर (वायरीच्या टोकाचा, नटाने घट्ट होणारा जोड) स्वतः बसवता येतो का?

येतो, आणि घरातल्या निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात असे आमचे ठाम मत आहे. टोकापासून १२ ते १३ मिलिमीटर अंतरावर बाहेरचे काळे आवरण गोल कापून काढा. ब्लेडचा दाब हलका ठेवा, जाळी कापली जाता कामा नये. जाळी मागे, आवरणावर दुमडा. आता पुढच्या ६ मिलिमीटरवरचा पांढरा फोम आणि पन्नी काढून तांब्याची तार उघडी करा. तारेवर फोमचा पातळ पापुद्रा राहतो, तो नखाने खरवडा. चाकूने खरवडला तर तांब्याचा मुलामा निघतो आणि आतले पोलाद उघडे पडून गंजते.

कनेक्टर आत दाबा, पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या तळाशी समपातळीत येईपर्यंत. फोम मागे राहिला तर तारेची लांबी कमी पडते. तार नटाच्या कडेपासून साधारण २ ते ३ मिलिमीटर पुढे दिसावी. मग कॉम्प्रेशन टूलने दाबा. पकडीने चेपलेला कनेक्टर वर्षभरात ढिला होतो. पिळून बसवायचा कनेक्टर तात्पुरता चालतो, कायमचा नको. शेवटी नट हाताने घट्ट करून ११ च्या पान्याने पाव फेरा द्या, त्याहून जास्त नाही, नाहीतर बॉक्सच्या आतला सॉकेट उखडतो.

जाळीचा एक जरी केस मधल्या तारेला टेकला तरी सिग्नल शॉर्ट होतो. कनेक्टर बसवल्यावर मीटरने मधली तार आणि कवच यांच्यात जोड नाही ना, हे बघून घ्या. वायरीचे दुसरे टोक तेव्हा मोकळे असले पाहिजे.

दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेला सांधा दिसला तर तो काढून दोन कनेक्टर आणि एक जोडनळी लावा.

६. सिग्नल कमी आहे हे कसे कळणार? माझ्याकडे मीटर नाही.

बॉक्सच्या मेनूत सेटिंग किंवा माहितीच्या पानावर ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ अशा दोन पट्ट्या असतात. क्वालिटीची पट्टी महत्त्वाची. स्ट्रेंग्थ ९० टक्के आणि क्वालिटी ४० टक्के असे दिसले तर सिग्नल पुरेसा आहे पण मळलेला आहे, आणि बूस्टरने तो स्वच्छ होणार नाही. दोन्ही कमी असतील तर मात्र सिग्नल खरोखर अपुरा आहे.

केबलवाल्याच्या माणसाकडे मीटर असतो. त्याला पातळी आणि एमईआर (सिग्नल किती स्वच्छ आहे याचा आकडा) हे दोन आकडे वाचायला सांगा. ६४-क्वाम पद्धतीच्या (ही लहरीवर डिजिटल माहिती चढवण्याची एक पद्धत) वाहिन्यांसाठी बॉक्सजवळ ४७ ते ६७ डीबी मायक्रोव्होल्ट (पातळीचे माप) चालते, ५५ ते ६२ असेल तर निश्चिंत. एमईआर २६ च्या खाली गेला की चित्र तुटू लागते, ३० च्या वर हवा. मीटर डीबी मिलिव्होल्टमध्ये दाखवत असेल तर त्यात ६० मिळवा.

७. मग बूस्टर नक्की कधी लावायचा?

वजाबाकी केल्यावर आकडा कमी पडला तरच. एक उदाहरण घेऊ. दाराशी ७२ डीबी मायक्रोव्होल्ट येतात. स्प्लिटरपर्यंत २० मीटर आरजी-६, वजा ४. तीन तोंडांचा स्प्लिटर, वजा ६. पुढे १५ मीटर, वजा ३. जोड आणि भिंतीतला सॉकेट, वजा १. बॉक्सला ५८ मिळाले. बूस्टरची गरज नाही.

दुसरे घर ओळीच्या शेवटी आहे. दाराशीच ६०. चार तोंडांच्या स्प्लिटरचे ७.५ आणि ३० मीटर वायरीचे ६ वजा केले की उरले ४६.५. ही पातळी मर्यादेच्या खाली आहे, त्यामुळे इथे १२ ते १५ डीबीचा छोटा बूस्टर योग्य. मात्र दाराशी एमईआर ३० च्या वर असला पाहिजे. तो तिथेच २५ असेल तर दोष इमारतीच्या ओळीत आहे आणि तो केबलवाल्यानेच दुरुस्त करायचा आहे.

८. बूस्टर स्प्लिटरच्या आधी की नंतर?

आधी, आणि दाराच्या जितक्या जवळ तितके बरे. बूस्टर आत आलेले सगळेच वाढवतो, सिग्नल आणि त्यात मिसळलेला गोंगाट दोन्ही, आणि वर स्वतःचा थोडा गोंगाट घालतो. प्रश्न ७ मधल्या दुसऱ्या घरात तो दाराशी लावला तर ६० चे ७२ होतात आणि बॉक्सला ५८.५ मिळतात. तोच टीव्हीमागे लावला तरी आकडा ५८.५ च दिसेल, पण वाढवायला घेतलेला सिग्नल ४६.५ वर आलेला असेल आणि ३० मीटर वायरीने गोळा केलेला कचराही सोबत वाढेल. शिवाय चार खोल्यांना चार बूस्टर लागतील.

एकामागे एक दोन बूस्टर लावू नका. तुमच्या घरापर्यंत येताना सिग्नल केबलवाल्याच्या काही अ‍ॅम्प्लिफायरमधून आधीच गेलेला असतो.

९. बूस्टरवर दोन स्क्रू आहेत, ‘गेन’ आणि ‘स्लोप’. कसे लावायचे?

गेन म्हणजे एकूण वाढ. वायरीत वरच्या वारंवारता जास्त मरतात आणि खालच्या टिकतात. हा उतार भरून काढण्यासाठी स्लोप असतो. दोन्ही कमीत कमी करून सुरुवात करा. सर्वांत लांबच्या टीव्हीवर वरच्या वारंवारतेची एक वाहिनी लावा आणि गेन हळूहळू वाढवा. क्वालिटीची पट्टी वाढायची थांबली की तिथेच थांबून स्क्रू किंचित मागे घ्या. मग खालच्या वारंवारतेची वाहिनी पाहा. तिथे क्वालिटी घसरली असेल तर गेन थोडा कमी आणि स्लोप थोडा जास्त. वाहिनीची वारंवारता बॉक्सच्या माहितीच्या पानावर असते.

खोक्यावर ‘कमाल १०५’ लिहिलेले असले तरी तो आकडा मोजक्या वाहक लहरींसाठी असतो. केबलमध्ये त्या ७०-८० असतात, म्हणून त्यातून १५ ते २० वजा धरा. घरात ८५ च्या वर जाण्याचे कारणच नाही.

१०. बूस्टर लावल्यावर चित्र आधीपेक्षा जास्त फाटते. बूस्टर खराब आहे का?

बहुधा नाही, सिग्नल जास्त झाला आहे. बूस्टर किंवा बॉक्सचा ट्यूनर क्षमतेपलीकडे भरला की वाहिन्या एकमेकींत मिसळून नवा गोंगाट तयार होतो. चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो. लक्षणे थेट कमी सिग्नलसारखीच दिसतात, म्हणून माणूस गेन आणखी वाढवतो आणि अधिक फसतो.

बिनखर्चाची परीक्षा अशी: बॉक्सच्या आधी एक दोन तोंडांचा स्प्लिटर घाला. चित्र सुधारले तर सिग्नल जास्त होता. गेन कमी करा किंवा ६ अथवा १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा जोड, लावा. जिन्यातल्या टॅपला, म्हणजे मुख्य ओळीतून घरांना फाटे देणाऱ्या डबीला, लागून असलेल्या घरांत बूस्टरशिवायही हे घडते.

११. काहीच वाहिन्या अडकतात, बाकी स्वच्छ दिसतात. असे कसे?

८ मेगाहर्ट्झच्या एका वारंवारतेत साधारण ३८ मेगाबिट प्रति सेकंद माहिती जाते आणि त्यात १५-२० साध्या वाहिन्या मावतात. एक वारंवारता बिघडली की तेवढा गट जातो. अडकणाऱ्या वाहिन्यांच्या वारंवारता कागदावर लिहा. दोष त्यातूनच दिसतो.

सगळ्या वरच्या, म्हणजे ६००-७०० च्या पुढच्या असतील तर वायर लांब, जुनी किंवा ओलावलेली आहे, किंवा मध्ये कुठे जुना कमी क्षमतेचा स्प्लिटर आहे. सगळ्या खालच्या असतील तर मधली तार कुठेतरी तुटलेली किंवा सॉकेटला न टेकणारी आहे. त्या बारीक फटीतून वरच्या लहरी उडी मारून जातात, खालच्या जात नाहीत. ही खूण फार उपयोगाची आहे, कारण स्ट्रेंग्थची पट्टी तेव्हा इतर वाहिन्यांवर ठीक दिसते. मधल्याच एक-दोन वारंवारता जात असतील तर कुठेतरी सिग्नल आपटून परत येतोय किंवा बाहेरची लहर शिरते आहे. शेजाऱ्याकडेही त्याच वाहिन्या अडकत असतील तर घरात काही उघडू नका, केबलवाल्याला वारंवारतांची यादी द्या.

१२. मोबाइल बॉक्सजवळ ठेवला की चित्र फुटते. हा भास आहे का?

भास नाही. मोबाइलच्या काही पट्ट्या केबलच्याच वारंवारतेत येतात. ८५० च्या पट्टीत फोन ८२४ ते ८४९ मेगाहर्ट्झवर पाठवतो आणि ७०० च्या पट्टीत ७०३ ते ७४८ वर. वायर आणि जोड नीट बंदिस्त असतील तर दोघांची गाठ पडत नाही. पडते ती ढिल्या नटातून, विरळ जाळीतून आणि डिंकाच्या झाकणाच्या स्प्लिटरमधून. बॉक्समागची तयार मिळणारी पातळ वायर आधी बदला. बूस्टर इथे नुकसानच करतो.

१३. पावसाळ्यातच त्रास होतो. जून ते सप्टेंबर चित्र जाते, दिवाळीला आपोआप सुधारते.

गच्चीवरून किंवा खिडकीबाहेरून येणाऱ्या जोडात पाणी शिरते. ते जाळीतून केशिकेसारखे ओढले जाऊन मीटरभर आत पोचते. दिवाळीला चित्र सुधारले तरी वायर सुधारलेली नसते, जाळी काळी किंवा हिरवी पडलेली असते. कनेक्टर कापून पाहा आणि चकचकीत जाळी लागेपर्यंत मागे कापत जा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे हे दोन-तीन पावसाळ्यांतच होते.

बाहेरच्या स्प्लिटरची तोंडे खाली ठेवा. घरात शिरण्याआधी वायरीला भोकाच्या खाली उतरणारा झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल. बाहेरच्या जोडावर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि त्यावर साधी टेप लावा. नुसती साधी टेप पाणी बाहेर ठेवण्यापेक्षा आत कोंडून ठेवते.

१४. स्प्लिटरची रिकामी तोंडे तशीच ठेवली तर?

प्रत्येकावर ७५ ओहमची टोपी लावा, किंमत किरकोळ असते. रिकाम्या तोंडावरून सिग्नल परततो. स्प्लिटर चांगला असेल तर एरवी कळत नाही. पण दुसऱ्या टोकाला काहीच न जोडलेली लांब वायर लोंबत असेल तर ती अँटेनासारखी वागते. ती आधी काढा.

१५. घरी डिश आहे. हाच स्प्लिटर आणि बूस्टर चालेल का?

नाही. छत्रीकडून बॉक्सकडे ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल येतो आणि बॉक्सकडून छत्रीवरच्या एलएनबीकडे (छत्रीसमोरचा, लहरी पकडणारा भाग) १३ किंवा १८ व्होल्ट जातात. केबलचा स्प्लिटर त्या लहरी मारतो आणि वीज अडवतो किंवा शॉर्ट करतो. शिवाय १३ की १८ यावर एलएनबी उभ्या लहरी पकडायच्या की आडव्या हे ठरवतो, त्यामुळे दोन बॉक्स एका तोंडावर भांडतात. दोन तोंडांचा एलएनबी घ्या आणि प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर टाका.

१६. आमच्याकडे केबल आता फायबरवर आली आहे. आत बूस्टर लावू का?

बहुधा गरज नसते. फायबर घरातल्या छोट्या डबीत, म्हणजे मिनी नोडमध्ये किंवा इंटरनेटच्या डबीवरच्या टीव्हीच्या तोंडात संपतो आणि तिथून पुढे नेहमीची आरजी-६ निघते. घरातल्या तीन-चार टीव्हींना ती पातळी सहसा पुरते. सिग्नल कमी असेल तर कारण बहुतेक फायबरच्या मळलेल्या किंवा दुमडलेल्या टोकात असते. हिरवा कनेक्टर स्वतः काढून पुसू नका, आणि टोकात डोळा लावून पाहू तर अजिबात नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

इंटरनेटही त्याच तांब्याच्या केबलमधून येत असेल तर वेगळी काळजी हवी. मोडेम ६५ मेगाहर्ट्झच्या खाली उलट दिशेने पाठवतो आणि साधा बूस्टर ती वाट बंद करतो. दाराशी दोन तोंडांचा स्प्लिटर लावा, एक तोंड थेट मोडेमला आणि दुसरे बूस्टरला द्या.

१७. एकाच बॉक्सवरून दोन टीव्ही?

दोन्हीकडे एकच वाहिनी चालणार असेल तर होय. एचडीएमआय स्प्लिटर घ्या. साधी एचडीएमआय वायर १० मीटरच्या पुढे दगा देऊ लागते. दुसऱ्या खोलीतून वाहिनी बदलता येत नाही, याचा विचार आधी करा.

१८. केबलच्या कनेक्टरला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टरही पेटतो.

टेस्टर मंद पेटत असेल तर कारण बहुधा टीव्ही आणि बॉक्सचे दोन पिनांचे पॉवर सप्लाय. त्यांच्या आतल्या कपॅसिटरमुळे धातूच्या कवचावर मेन्सच्या साधारण निम्मे व्होल्टेज येते, प्रवाह मात्र अगदी थोडा असतो. माणसाला त्यातून झिणझिणी येते, एचडीएमआयचे तोंड मात्र जळू शकते. म्हणून वायर लावताना-काढताना टीव्ही, बॉक्स आणि बूस्टर तिन्हींचे प्लग भिंतीतून काढा. नुसता रिमोट दाबणे पुरेसे नाही.

टेस्टर लखलखीत पेटला किंवा झटका बसला तर वेगळी गोष्ट आहे. इमारतीतल्या एखाद्या अ‍ॅम्प्लिफायरमधून किंवा शेजारच्या घरातून मेन्स वायरीच्या जाळीवर आलेला असू शकतो. हात लावू नका, मुलांना दूर ठेवा, आणि केबलवाल्याला व इलेक्ट्रिशियनला एकाच वेळी बोलवा.

१९. पूर्वीचा बूस्टर वर्षानुवर्षे चालला. डिजिटल झाल्यावरच हे प्रश्न का?

अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल घसरला की चित्रात मुंग्या यायच्या, पण मालिका बघता यायची. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मर्यादा ओलांडली की एकदम तुटते. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ची आणि पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत ३१ मार्च २०१३ ची मुदत देऊन केबल डिजिटल झाली. बॉक्स बदलले, भिंतीतल्या वायरी आणि जिन्यातले स्प्लिटर कितीतरी ठिकाणी तेच राहिले. जुन्या बूस्टरवर ८६० किंवा अधिक मेगाहर्ट्झ लिहिलेले नसेल तर तो काढून टाका.

२०. लाइट गेली की इन्व्हर्टर असूनही केबल जाते.

घरातला बूस्टर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर आहे का ते पाहा. टीव्ही आणि बॉक्स इन्व्हर्टरवर घेतात, दाराशेजारचा बूस्टर विसरतात. मिनी नोडच्या अडॅप्टरचेही हेच. ते ठीक असेल तर जिन्यातला किंवा गच्चीवरचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो आहे. तो सोसायटीच्या मीटरवर आहे की कुणाच्या घरातून वीज घेतो, हे केबलवाल्याकडून समजून घ्या आणि त्याला तिथे बॅकअप ठेवायला सांगा. त्या खोक्याला स्वतः हात लावू नका. तिथला एक स्क्रू फिरला तर अख्ख्या विंगची पातळी बदलते.